फुटक्या टाइलवरचं कांबा गाणं

माझ्या मुलीच्या शाळेतल्या संगीताच्या मॅडमनी आमच्या घरी कामाला असलेल्या बाईला फसवलं. बोलणी मी केली होती, म्हणून जास्त डोकं फिरलंय.

मुलीला सांभाळणारी ही बाई केनियाची, कांबा लोकांतली. दुबईत रास अल खोरला माझं टाइलचं गोदाम आहे. तिथले फुटके तुकडे घेऊन ती बिल्डिंगमधल्या पोरांना गोल बसवायची. गाण्याच्या तालावर तुकडा शेजाऱ्याकडे सरकवायचा. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी गाऊन उत्तर द्यायचं. जो चुकेल त्याला टोमणा मारणारी पुढची ओळ, तिथल्या तिथे रचलेली. मग ओळ टाकायची पाळी त्याची.

एकदा मी बसलो आणि चुकलो. तिनं काहीतरी गायलं, पोरं लोळून हसली.

"काय म्हणाली गं?"

"बाबा, शी सेज यू शाउट ॲट द टोमॅटो मॅन, अँड स्टिल ब्रिंग रॉटन टोमॅटोज."

अख्खं आयुष्य घासाघीस करण्यात गेलं माझं. इतकं नेमकं, तेही तालात, मला कुणी सुनावलं नव्हतं. याला कला नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मॅडमना ते गाणं गॅदरिंगला हवं होतं. मी अट घातली, "बाई स्टेजवर, मुलांबरोबर गोलात बसणार."

"शुअर सर, इन्शाल्ला."

बाजारात कुणी इन्शाल्ला म्हटलं की मी लगेच लिहून मागतो. शाळेत मागितलं नाही. ती चूक माझी.

बाईनं दोन दुपारी जाऊन गाणं शिकवलं. गॅदरिंगला नवा ड्रेस घालून आली, तर गेटवर यादीत नाव नाही. तिला ड्रायव्हर लोकांबरोबर बाहेर बसवलं. आत पोरं एका रांगेत उभी, गालांवर रंगाचे पट्टे, हातात प्लॅस्टिकचे दगड आणि पाठ केलेल्या चार ओळी. टोमणे काढून टाकलेले. का, तर ते बुलिंग वाटतं म्हणे!

माझ्या मुलीच्या हातून दगड पडला. ती थांबली, आता आपल्यावर ओळ येणार म्हणून इकडेतिकडे बघत राहिली. कुणी काही गायलं नाही. ती रडत खाली उतरली.

गाडीत हे ऐकून बाईनं मला एवढंच विचारलं, "बॉस, नोबडी सँग फॉर हर?"

मॅडम, तुमचं सॉरीचं ईमेल मला नको. आमच्या घरी या, बाईसमोर बसा आणि तिला सांगा, गाणं आत होतं तेव्हा ती बाहेर का होती?