बुडबुडे

गेल्या रविवारी सकाळी कोलशेतचे आमचे शेजारी मालवणजवळच्या किनाऱ्यावरून पाठीवर हवेची टाकी लावून स्कूबासाठी प्रथमच समुद्रात उतरले आणि तळ न पाहताच परत आले. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी तिथेच पोहताना बुडाला. तो सापडला नाही. ती जागा एकदा खाली जाऊन बघायची, एवढंच त्यांना हवं होतं.

ते कमी बोलतात. आधी श्वास भरून थांबतात, मग एका दमात सगळं सांगून टाकतात. ठाण्याच्या तरणतलावावर सरावात प्रशिक्षक ओरडायचा, "काका, श्वास रोखू नका! बुडबुडे दिसले पाहिजेत."

"मी काय सोड्याची बाटली आहे? खाडीत जन्म गेला रे. बुडी मारायची तर श्वास रोखायचा, एवढंच माहीत."

समुद्रात पाणी डोक्यावर येताच त्यांनी श्वास रोखला. बुडबुडे थांबलेले पाहून प्रशिक्षकाने त्यांना बाहेर आणलं. वाळूवर मी टॉवेल दिला. त्यांनी श्वास भरून घेतला.

"त्याला पण मीच शिकवलेलं, श्वास रोखायला."

आज सकाळी त्यांच्या गॅलरीत पाण्याने भरलेली बादली होती. तिच्यात तोंड बुडवून ते बुडबुडे सोडत होते.