खाडीचं पाणी आणि भाऊची बोट

अर्णव, इरा,

भाऊआजोबा गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही दोघं फोनवर आधी रडलात आणि मग इराने विचारलं, "आजी, मग गोष्ट अर्धीच राहणार?" त्याला आता महिना झाला. इराच्या प्रश्नाचं उत्तर आज नीट लिहिते.

माझा हा धाकटा भाऊ रोह्याला शाळेत विज्ञान शिकवायचा. निवृत्त झाल्यावर तो पेणला, रामवाडीत माझ्याकडे राहायला आला, तो तुमच्यासाठी कादंबरी डोक्यात घेऊनच. इंग्रजांच्या आधी वाफेचं इंजिन कोकणात तयार झालं असतं तर? मग तांब्याच्या बंबावर चालणारी बोट पेणच्या खाडीतून निघाली असती, आणि मिठागरातली बारा वर्षांची झुई ती हाकत, समुद्रातून वळसा घालून, कुंडलिका नदीतून रोह्याजवळच्या अष्टमी गावी गुप्त खलिता पोचवायला गेली असती... मागे इंग्रजांची तशीच बंबाची बोट! मापं घ्यायला म्हणून त्याने माझा न्हाणीघरातला बंब दोन दिवस अंगणात काढून ठेवला होता.

मी सगळी पानं टाइप केली, क्रमांक घातले, प्रकाशकाला पाठवायचं पाकीटही बंद केलं. त्याच दुपारी मिठागरात जन्म काढलेली मंदाताई मीठ घेऊन आली. भाऊने तिला हौसेने पहिलं प्रकरण वाचून दाखवलं.

"भाऊ, बंबात पानी कुठलं?"

"खाडीचं. खाडीत पाण्याला काय तोटा?"

ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. "मंग झालं! खारं पानी आटवलं का मीठच व्हनार. आमचं ऊन करतं तेच तुमचा बंब करंल. बोट नाय गो ताई, ह्ये तं मिठागर हाय!"

"लहान मुलांना काय कळणार आहे?" मी म्हटलं. भाऊचं हृदय फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला पाकीट पाठवायची घाई होती.

"पेणच्या मुलांना कळेल," असं म्हणून त्याने पाकीट फाडलं.

चार महिने तो पुन्हा लिहीत होता. त्याने लिहिलेलं मी टाइप करायचे; हात थकला की तो सांगायचा, मी लिहायचे. झुईने बोटीवरची तोफ किनाऱ्यावरच उतरवून त्या जागी गोड्या पाण्याची पिंपं भरली, ही मंदाताईची सूचना. आणि स्वतःची चूक भाऊने इंग्रजांना देऊन टाकली. रेवदंड्यासमोर त्यांचा बंब मिठाने गच्च भरला आणि कप्तान बसला खरवडत! हे सांगताना तो इतका हसला की मला पेन खाली ठेवावं लागलं.

शेवटचं प्रकरण ऐकून मंदाताई म्हणाली, "आता चालंल तुमची बोट." त्यानंतर पाच दिवसांनी भाऊ गेला.

गोष्ट पूर्ण आहे. एकशे बारा पानं, निम्मी टाइप केलेली, निम्मी माझ्या अक्षरातली, शेवटच्या पानावर त्याची सही. तुमची प्रत आज पोस्टात टाकली.