कालवं कशानं मेली

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलीला समुद्राचा अभ्यास कशाला, असं कोणी विचारलं की नसरीन आधी त्याच्या शेतातल्या पिकाची चौकशी करायची. पावसानं ओढ दिली, असं उत्तर आलं की म्हणायची, "मंग तो पाऊस येते कुठून? तुह्या मामाच्या विहिरीतून?"

पांढरकवड्यात तिच्या वडिलांचं, रहीमचाचांचं, फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं दुकान होतं. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. कापसाच्या संकटाची ती वर्षं. आठवड्याला एखादा तज्ज्ञ गावात उतरायचा आणि नसरीनला सांगायचा, हुशार आहेस, बोंडअळीवर काम कर. एकाला तिने माझ्यासमोर ऐकवलं, "बोंडअळीले तुमी इतके जण आहात ना, साहेब. कालवाले कोणीच नाही."

कालवं म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेले शिंपल्यातले जीव. ओहोटीला ती उघडी पडतात. समुद्र तापत चालला आहे, तर ती किती ताप सोसतील, हा तिचा प्रश्न होता. एमएस्सीनंतर कोकणातल्या एका प्रयोगशाळेत तिला वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली. काम चांगलं झालं तर ती पुढे वाढणार होती.

तिने दोन टाक्या लावल्या, एक गरम पाण्याची आणि एक नेहमीच्या. ओहोटीसारखं पाणी उतरवायचं आणि लाटेच्या तुषारांसारखं खारं पाणी वरून फवारायचं. फवारण्याचं यंत्र बंद पडलं, तेव्हा तिने घरी फोन केला. रहीमचाचांनी एक जुना पंप सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतला आणि एसटीने पाठवला. नसरीनने झाकण उघडून वास घेतला. पंप साफ आहे, असं ठरवलं.

चौथ्या दिवशी दोन्ही टाक्यांतली कालवं मेली. टाक्या घासणाऱ्या बाईंनी पंप उचलला आणि लगेच खाली ठेवला. "शी! पिकावरच्या औषधाचा वास मारतोय गो याला. तुला येत नाय?"

तिला येत नव्हता. जन्मापासून घरात तोच वास होता.

विभागाच्या प्रमुखांनी मार्ग सुचवला. नेहमीच्या पाण्याची टाकी अहवालातून गाळायची. मग उरलेले आकडे हेच सांगतील की कालवं उष्णतेने मेली. तसं म्हणायला सगळे तयारच होते. नसरीन म्हणाली, "सर, गरमीनं नाही मेली. माह्या पंपानं मेली." अहवालात तिने तेच लिहिलं. शिष्यवृत्ती वाढली नाही. ती घरी परतली.

रहीमचाचांना तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. ते बराच वेळ हातातला वॉशर पुसत राहिले. "तीन बार धोया था, बेटा."

"धुतला तुमी, अब्बा. तपासाले मले पायजे होता. चूक माही हाय."

मी तिच्यावर छोटी बातमी केली. चाचांकडे पाहून त्यात 'तांत्रिक बिघाडामुळे प्रयोग अपूर्ण' असे शब्द घातले. दुसऱ्या दिवशी ती अंक घेऊन कार्यालयात आली.

"भाऊ, हे काय लिहून ठेवलं?"

"चाचांचं नाव खराब होईल."

"अब्बाले विचारूनच आली मी. बिघाड नव्हता, विष होतं. पंप आमच्या दुकानातला होता. तसंच छापा."

"लोक हसतील."

"हसू द्या ना. आता काय कमी हसून राह्यले?"

तिसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, चार ओळींची. माझ्या नोकरीत इतक्या हट्टाने स्वतःविरुद्ध दुरुस्ती मागणारं दुसरं कोणी आलं नाही. तिने ते कात्रण नव्या अर्जांना जोडायला सुरुवात केली. मी समजावलं, तर म्हणाली, "त्याहिले आधीच समजू द्या, कोणाले घेऊन राह्यले ते."

त्या वर्षी तिला कोणी घेतलं नाही. एका मुलाखतीत तिला विचारलं गेलं, तुमच्यावर विश्वास का ठेवावा? तिने कात्रणाकडे बोट दाखवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या किनाऱ्यावरच्या एका संस्थेने बोलावलं, पुन्हा कालवांवरच काम करायला.

ती निघाली तेव्हा मी बसस्थानकावर गेलो होतो. चाचा बसच्या टपावर तिची पेटी बांधत होते. अहवालातल्या त्या एका वाक्यापायी वर्ष गेलं, याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं.

"वर्षच गेलं ना, भाऊ," ती म्हणाली. "खोटा आकडा एकदा बाहेर गेला असता, तर त्याले वापस आणाले कोण गेलं असतं?"