दर्याला इंग्रजी कळतं का?

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. म्हणजे शेवटचा किस्सा सांगायचा नाही, आधीचे चालतील. पण आधीचे सांगितले की शेवटचा आपोआप ओठांवर येतो, त्याला मी काय करू?

माझ्याकडे किस्से साठतात, कारण मी बोलत नाही. बोलणारी माणसं सांगून मोकळी होतात. मी कोपऱ्यात बसून ऐकते आणि वहीत लिहिते. त्यात मला कोपरा मिळाला तोही मढच्या आमच्या कोळीवाड्यातल्या बायकांच्या इंग्रजी क्लासमधला!

क्लास मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. मागच्या भिंतीला जाळ्यांचे ढीग, पुढे फळा आणि मधल्या चटईवर माझी आई, वनिता मावशी, पुष्पा काकी आणि सगळ्यांत मोठी पारूआजी. शिकवतात फिलोमिना टीचर. त्या पलीकडच्या ख्रिश्चन आळीत राहतात, शाळेतून रिटायर झाल्यात. मी दहावीत आहे. टीचरनी फळ्यावर इंग्रजी लिहिलं की त्याखाली ते मराठी अक्षरांत लिहायचं, एवढंच माझं काम. त्यात तोंड उघडावं लागत नाही.

*

पहिल्या दिवशी टीचरनी लिहिलं, ‘माय नेम इज’.

वनिता मावशी आईसारखीच मालाडच्या बाजारात मासळी विकायला बसते. ती म्हणाली, “टीचर, आमचं नाव कोण विचारतो? टॉवरमधली गिऱ्हाइकं येतात, पापलेटाचे कल्ले उघडून बघतात आणि विचारतात, फ्रेश आहे? आर यू शुअर? त्याचं उत्तर शिकवा ना!”

टीचरनी नाव पुसलं आणि एकाखाली एक लिहिलं. शुअर. डेफिनेटली. हंड्रेड पर्सेंट. विदाउट अ डाउट.

सगळ्यांचा अर्थ ‘नक्की’ असाच, हे कळल्यावर पारूआजी म्हणाली, “एका नक्कीला एवढे शब्द? या लोकांचा एकमेकांवर भरवसाच नाय वाटतं!”

*

दुसऱ्याच दिवशी मावशीने शब्द बाजारात नेले. एका बाईने सुरमईवर बोट ठेवून विचारलं, “शुअर ना, फ्रेश आहे?”

मावशीने एका दमात सांगितलं, “शुअर! डेफिनेटली! हंड्रेड पर्सेंट! विदाउट अ डाउट!”

बाईने बोट काढलं, मावशीकडे नीट पाहिलं आणि ती पुढच्या टोपलीकडे गेली.

क्लासमध्ये मावशी चिडून आली. “वाट लागली ना माझी! सुरमई सकाळचीच होती.”

टीचर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “वनिता, एकच पुरे. जितकं जास्त बोलशील तितकं कमी खरं वाटतं.”

“मग तीन परत घ्या,” मावशी म्हणाली. “फुकटचं ओझं!”

*

एकदा टीचरनी ‘आय बेट माय लाइफ’ शिकवलं. म्हणजे, माझा जीव पैजेला लावते.

पारूआजीने हात वर केला. “कशावर लावायचा जीव?”

“समजा, पापलेट ताजं आहे, यावर.”

“ते तर मेलेलं हाय,” आजी म्हणाली. “त्याच्यापायी अजून एक जीव कशाला?”

टीचरनी ते वाक्य पुसून टाकलं. ते पुन्हा कधी आलं नाही.

*

पुष्पा काकीचं अंगण समुद्राला लागून आहे. तिथे बांबूंवर बोंबील वाळत असतात. शेजारच्या बंगल्यात शूटिंग चालतं. एकदा तिथला एक माणूस धावत आला. “मॅडम, हे बोंबील फ्रेममध्ये झकास दिसतायत. फक्त पाच मिनिटं इथे शूट करतो. पाच मिनिटं, डेफिनेटली!”

काकीला शब्द ओळखीचा वाटला. तिने हो म्हटलं. शूटिंग सूर्य बुडेपर्यंत चाललं. मधल्या वेळात तिला स्वतःच्या अंगणात पाय ठेवता आला नाही, आणि निम्मे बोंबील मांजरांनी नेले.

पुढच्या आठवड्यात तोच माणूस आला. “मॅडम, पाच मिनिटं. डेफिनेटली!”

काकीने घरातून खुर्ची आणून त्याच्यासमोर ठेवली. “बसा. डेफिनेटली म्हणताय म्हणजे रात्री जेवूनच जाल.”

*

इथपर्यंतचं सगळं सांगायला आईची हरकत नाही.

मग एक दिवस टीचर म्हणाल्या, “आता शब्द झाले, वाक्य करू या.” त्यांनी लिहिलं आणि मी त्याखाली मराठी अक्षरांत उतरवलं. ‘माय हजबंड विल डेफिनेटली कम होम.’ माझा नवरा नक्की घरी येईल.

“चला, सगळ्यांनी एकदम.”

कुणी बोललं नाही.

टीचरना वाटलं, वाक्य लांब झालं. त्यांनी तोडून तोडून म्हणून दाखवलं. वनिता मावशी खिडकीबाहेर बघत होती. काकी चटईची काडी उपटत होती. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला लिहितानाच थांबायला हवं होतं.

शेवटी पारूआजी म्हणाली, “टीचर, हे आम्ही बोलत नाय.”

आमच्या आळीत बोट दर्यात गेली की तिच्याबद्दल ‘नक्की’ म्हणत नाहीत. ‘येतील’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. दर्या ऐकतो, आणि त्याच्या वतीने कुणी वचन दिलेलं त्याला चालत नाही.

“तुम्ही खरंच मानता हे?” टीचरनी हळूच विचारलं.

“मी बोलले होते,” आजी म्हणाली. “एकदाच.”

पारूआजीचा नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. तेव्हा ती माझ्या आईपेक्षाही लहान होती. हे आळीत सगळ्यांना माहीत आहे. पण त्याला निरोप देताना ती बंदरावर काय बोलली होती, ते त्या दिवशी कळलं.

टीचरनी डस्टर घेतलं आणि ‘हजबंड’ पुसून तिथे ‘बस’ लिहिलं. बस नक्की येईल.

वनिता मावशी म्हणाली, “टीचर, आमच्या मढच्या बसबद्दल तर दर्यासुद्धा डेफिनेटली म्हणणार नाय!”

सगळ्या हसल्या. आजीसुद्धा हसली. आई हसली नाही.

घरी येताना आईने टीचरना रस्त्यात गाठलं. मी दोघींच्या मागे होते. आईने विचारलं, “टीचर, दर्याला इंग्रजी कळत असेल का?”

टीचर चालता चालता थांबल्या. आम्हाला खात्रीचे एवढे शब्द शिकवणाऱ्या टीचर म्हणाल्या, “आय ॲम नॉट शुअर.”

*

आता तो किस्सा.

वाऱ्याचा इशारा आला म्हणून बोटी परत बोलावल्या. एकेक करून सगळ्या आल्या. माझ्या बाबांची आली नाही. ते बोटीवर तांडेल आहेत, म्हणजे बोट आणि तिच्यावरचे सगळे खलाशी त्यांच्या भरवशावर. वायरलेसवर नुसती खरखर येत होती.

घर माणसांनी भरलं. बोरिवलीच्या काकांचा फोन आला. “वहिनी, हंड्रेड पर्सेंट येणार!” कुणी साहेब येऊन गेले. “डोन्ट वरी. डेफिनेटली मिळतील.” आई सगळ्यांना पाणी देत होती. कुणी असा शब्द उच्चारला की तिचा हात तेवढ्यापुरता थांबायचा. वनिता मावशीने शेवटी आईचा फोन घेतला आणि आपल्या कमरेला खोचला.

उजाडता उजाडता मला जाग आली. आई जागेवर नव्हती. मागच्या दाराच्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसली होती. क्लासमध्ये वाचते तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणत होती, “माय... हजबंड... विल...”

मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबली.

मी मागे उभी आहे हे तिला कळलं. वळून न बघता तिने विचारलं, “सायले, मधला शब्द कोणता गो?”

तिला तो येत होता. टोपलीपाशी रोज म्हणत होती. मला फळ्यावरचा तो शब्दही दिसत होता आणि समोरचा दर्याही. तिने पुन्हा विचारलं नाही, नुसती थांबून राहिली.

“डेफिनेटली,” मी म्हणाले.

आईने सगळं वाक्य म्हटलं. एकदाच. मग पदराने तोंड पुसून चूल पेटवायला आत गेली.

दुपारी दुसऱ्या एका बोटीने बाबांची बोट ओढत आणली. इंजिन बंद पडलं होतं. सगळे सुखरूप होते. बाबा धक्क्यावर उतरले. आई पुढे झाली आणि म्हणाली, “भात निवला.”

“गरम कर,” बाबा म्हणाले.

आई घराकडे वळली, बाबा तिच्या मागोमाग.

रात्री आईने मला सांगितलं, “कुणाला सांगायचं नाय. टीचरना पण नाय. आणि पारूआजीला तर मुळीच नाय.”

*

मी सांगितलं नाही. पण पारूआजीची मागची पायरी आमच्या पायरीला लागूनच आहे, हे आई त्या पहाटे विसरली होती.

आजीचा नातू नीलेश आज पहिल्यांदा दर्यात जातोय, बाबांच्याच बोटीवर. सकाळी आई बाजारात होती. आजी आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “तुझी आई बोलली ना, ता मना शिकव.”

मी घाबरले. म्हटलं, “आजी, तूच म्हणाली होतीस ना, बोलायचं नाय?”

“म्हणून तर इंग्रजीतून शिकव,” आजी म्हणाली.

मी ‘हजबंड’च्या जागी ‘ग्रँडसन’ सांगितलं. आजीला तो शब्द जड गेला. तिने तो पुन्हा पुन्हा घोळवला. मग तिने मला दार उघडायला लावलं. भरती होती. आजी पायरीवर उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, “माय ग्रँडसन विल...”

“सायली! ए सायले, बोट सुटते गो, ये लवकर!” बंदरावरून आई हाक मारतेय. आले म्हणते, एवढं लिहून होऊ दे. तर मी आजीला मधला शब्द सांगणार होते, पण तिने हाताने मला थांबवलं, दर्याकडे पाहिलं आणि