वचनशुद्धी म्हणताना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. हिलाही नाही, आणि ज्या महाराजांनी मला समोर बसवून विचारलं त्यांनाही नाही. त्या दोघांना मी अर्धं सांगितलं. अर्धं सांगितलं की सगळं सांगून मोकळं झाल्यासारखं वाटतं, तसं मलाही काही दिवस वाटलं. ते वाटणं आता संपलं आहे. लिहायची मला सवय नाही, बोलायचीही फारशी नाही. थोरल्या वहिनी म्हणतात, "भावजींच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे आटलेल्या हिरीतनं बादली काढायची. दोर जातोय खाली, वर काय येत न्हाय."

गेल्या थंडीच्या सुरुवातीला हिची गर्भाची पिशवी काढावी लागली. ऑपरेशन कोल्हापुरात झालं, नीट झालं, आणि आम्ही तिला पेठ वडगावला घरी आणलं. मुलगा नोकरीसाठी लांब, तो येऊन परत गेला. टाके ओले होते. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, कुणी हात दिल्याशिवाय अंथरुणातून उठायचं नाही. रक्त कमी होतं, म्हणून संध्याकाळी जेवण, त्यावर कपभर दूध आणि गोळ्या. दिवसभर शेजारच्या घरातून थोरल्या वहिनी येऊन बघायच्या. संध्याकाळी त्या म्हशींच्या धारा काढायला गोठ्यात जात. जाताना मऊ भात आणि दूध झाकून ठेवत. पुढची वेळ माझी.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर ही अन्नपाण्याला शिवत नाही, लग्नाच्या आधीपासूनचं तिचं व्रत आहे. मी रात्री जेवतो, बाहेर चहा पितो, तिनं कधी टोकलं नाही. व्रत तिचं. माझं काम एवढंच, की कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान बंद करून उजेड आहे तोवर घरी पोचायचं, तिला उठवून बसवायचं आणि जेवू घालायचं.

एका संध्याकाळी मला उशीर झाला. का झाला ते पुढे सांगतो. गाडी दारात लावली तेव्हा दिवस मावळला होता. तिच्या खोलीची खिडकी शेजाऱ्यांच्या नव्या भिंतीवर उघडते, त्यामुळे तिथं दिवसासुद्धा ट्यूब चालू असते. दुखण्याच्या गोळ्यांनी ती गुंगीत होती. मी मानेखाली हात घालून तिला बसवलं. तिनं विचारलं, "दिवस हाय न्हवं अजून?"

मी म्हणालो, "हाय की. खा तू."

ती जेवली. दूध प्यायली, गोळ्या घेतल्या, आणि हात जोडून मनातल्या मनात काहीतरी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा उशीर झाला. पुढे पुढे तर तिनं विचारायचंही सोडलं. माझ्या हातात ताट दिसलं म्हणजे दिवस आहे, असंच ती धरून चालली.

गोंधळ इथून सुरू होतो. ती बरी होत गेली. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान, असंच चालू ठेवा. चेहऱ्यावर रंग आला. आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग देवळापर्यंत चालू लागली. आणि देवळात बायकांना सांगू लागली, "एवढ्या दुखण्यात बी भगवंतानं माझं व्रत मोडू दिलं न्हाय." बायका हात जोडून ऐकायच्या. एक आजी माझ्यादेखत आपल्या सुनेला म्हणाल्या, "बघ, शीक जरा. तुला साध्या पडश्यात निभत न्हाय." सून हसली. मी बाहेर येऊन उगाचच चपला सरळ करत उभा राहिलो. खोटं मी बोललो होतो आणि त्याची साक्ष ती देवापुढं देत होती. पण त्याच खोट्यावर ती उठून उभी राहिली, हेही खरं होतं. याला पाप म्हणावं का, आणि म्हणावं तर तिच्या बरं होण्याला काय म्हणावं, मला कळेना.

थंडी संपता संपता एक दिगंबर महाराज विहार करत गावात आले आणि देवळाजवळच्या मठात उतरले. हिनं हट्टच धरला, की आपल्याकडं त्यांचा आहार व्हायला पाहिजे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात. निघताना मनाशी एक अट धरतात, तिला विधी म्हणतात. तो कुणालाच ठाऊक नसतो. ज्या दारात तो जुळेल तिथंच ते आहाराला थांबतात, कुठंच जुळला नाही तर परत जाऊन उपास. दारात उभं राहून त्यांना बोलवावं लागतं, आणि बोलवताना आपल्या तोंडानं म्हणावं लागतं की मनशुद्धी आहे, वचनशुद्धी आहे, कायशुद्धी आहे, आहारजल शुद्ध आहे.

त्या सकाळी थोरल्या वहिनींनी आणि दादांनी सोवळ्यानं सगळा स्वयंपाक केला. आम्ही तिघं दारात उभे राहिलो, कलश माझ्या हातात. हिची जखम अजून पुरती भरली नव्हती, आणि जखम असलेल्यानं आहार द्यायचा नसतो, म्हणून ती ओसरीच्या कोपऱ्यात खुर्चीवर हात जोडून बसली. गल्लीत आणखी घरंही उभी होती. महाराज आले. उजव्या हाताची बोटं खांद्याला लावलेली, नजर जमिनीवर. आमच्या दारासमोर थांबले. तिघांनी नमोस्तु म्हटलं. मनशुद्धी, इथवर माझा आवाज दोघांबरोबर होता. पुढचा शब्द आला नाही. तोंड उघडं होतं, शब्द नव्हता. वहिनींनी कोपरानं ढोसलं, "भावजी, म्हणा की!" दादा एकटेच मोठ्यानं म्हणत राहिले. महाराजांनी मान किंचित वर केली, काही क्षण तसेच उभे राहिले, आणि पुढे गेले. पुढच्या कुठल्याच दारात थांबले नाहीत. गल्ली संपवून सरळ मठात परतले. त्या दिवशी त्यांना उपास घडला.

ओसरीवरून हिचा आवाज आला, "माझ्यामुळंच झालं. दुखण्यातलं माणूस मी, दारात बसायलाच नको हुतं." ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. टाक्यांवर ताण पडू नये म्हणून तिला हसू-खोकूसुद्धा न देणारा मी, तिचं ते हुंदके देणं बघत उभा होतो. मग माझ्या तोंडून निघालं, "तुझ्यामुळं न्हाय. तुला जेवू घातलं ते दिवस मावळल्यावर. कैक दिवस. गोळ्यांच्या कागदावर रात्री जेवणानंतर असं लिवलं हुतं, तुला ताकद यावी म्हणून मी..."

ती रडायची थांबली. मग म्हणाली, "म्हंजे देवळात मी एवढं सांगत बसले, ते सगळं खोटं व्हय?" मी हातातला कलश खाली ठेवला. "डाक्टरास्नी येळ बदलून मागायची हुती. न्हायतर मला इचारायचं हुतं. मी काय म्हणले असते ते माझं मी बघितलं असतं." आणि थोड्या वेळानं, "महाराज उपाशी हाईत. जावा, त्यांच्याफुडं सांगा जावा."

मी दुपारी मठात गेलो. महाराज पाटावर बसले होते, बोलण्याला कानडी वळण. मी सगळं सांगितलं, म्हणजे हिला जेवढं सांगितलं तेवढं. मग विचारलं, "मी अडखळलो म्हणून आपण पुढे गेलात का?" ते म्हणाले, "विधी मिळाला नाही." काय विधी होता, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी विचारलं, "का केलंस?" मी म्हणालो, "तिला ताकद यावी म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

ते माझ्याकडं रागानं बघत नव्हते, प्रेमानंही नाही. म्हणाले, "बरं. राहिलेलं घरी सांग. मला नको."

त्यांना खरंच कळलं होतं, का सगळ्यांनाच ते तसं म्हणतात, हे मला आजही माहीत नाही. मी पायऱ्या उतरलो तेव्हा, खरं सांगायचं तर, मनात आनंद होता. इतकी वर्षं कुणी मला इतक्या आतून ओळखलं नव्हतं. की मी उगाचच तसं धरून बसलो?

राहिलेलं ते असं. दुकान मी वेळेवरच बंद करत होतो. पण घरी निघायच्या ऐवजी समोरच्या चहाच्या गाड्यावर बसत होतो. तिला उठवताना ती माझ्या गळ्याला धरून कण्हायची, खोलीत औषधांचा वास भरलेला असायचा, मध्येच ती माझा हात धरून नुसती पडून राहायची. मला त्याची भीती वाटायची, असं लिहिणार होतो. भीती नव्हती. मला घरी जायचा कंटाळा येत होता. उन्हं समोरच्या शटरवरून खाली उतरताना मला दिसत होती. ती उतरली की तिचं ताट राहणार हे मला कळत होतं. तरी मी आणखी एक चहा सांगितला. ताकद, गोळ्या, कागद, हे सगळं मी नंतर रचलं.

हिनं मात्र पुढच्याच आठवड्यात देवळात, आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "माझं व्रत मोडलं हुतं बायांनो, मला कळलं न्हाय." माझं नावही घेतलं नाही. त्याच आजी म्हणाल्या, "मोडलं तर मोडलं. आता अंगात जीव हाय न्हवं? नव्यानं घे." तिनं नव्यानं घेतलं. आता मी उजेड असताना घरी येतो, आणि आम्ही दोघं सोबत जेवतो. जेवताना ती गल्लीतलं काहीबाही सांगते. मी रोज तोंड उघडतो आणि भाकरीचा तुकडा मोडतो.

देवाला शरण जायचं म्हणजे पायावर डोकं ठेवायचं, असं मी समजत होतो. ते मी पुष्कळ वेळा केलं आहे, सोपं असतं. माझ्या हातात अजून एक गोष्ट घट्ट धरलेली आहे, की मी वागलो ते तिच्या भल्यासाठी. ती सुटत नाही. हिचं बरं होणं ही कृपा, महाराज दारात थांबले तीही कृपा, आणि पुढे निघून गेले तीसुद्धा, एवढं मात्र मला वाटतं. का वाटतं ते सांगता येत नाही.

महाराज दुसऱ्याच दिवशी कर्नाटकाकडं निघून गेले. कधी या वाटेनं परत आले तर पुन्हा दारात उभं राहायचं आहे, आणि तो शब्द पूर्ण म्हणायचा आहे. त्याच्या आधी त्या दुसऱ्या चहाचं खरं मला हिला सांगायचं आहे. ते मी तिचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.