आढ्यावरची खूण

आमच्या घराच्या आढ्यावर कुऱ्हाडीची एक खूण होती. वकिलाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, नाही. ते लिहून ठेवण्यासाठी आज बसलो आहे.

खालापूरच्या पलीकडचं आमचं घर एका आढ्याखालचं, पेंढ्याचं. पूर्वेकडची बाजू वडिलांची, पश्चिमेकडची काकांची. दोघांची वाटणी गावच्या दोन म्हाताऱ्यांसमोर तोंडी झाली. दोरीने आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, मोजलं, मध्यावर वडिलांनी कुऱ्हाडीचा घाव घातला. शिडी मी धरली होती. कागद झाला नाही. भावाभावांत कागद कशाला, असं दोघेही म्हणाले. पुढे वडील गेले, मानमोडीच्या साथीत काका गेले, ते दोन म्हातारेही गेले. काकू एकटी राहिली, तिला मूलबाळ नव्हतं.

दर वैशाखात घर शाकारायचं, म्हणजे कुजका पेंढा काढून नवा घालायचा. दोन्ही बाजू मीच शाकारत असे. काकू वर ताकाचा तांब्या द्यायची आणि खालून ओरडायची, "कोपऱ्यात दाब रं नीट, मागल्या साली माझ्या चुलीत पानी पडलं!"

त्या वर्षी मला हिवताप होता. एका सकाळी खोकत बाहेर आलो तर काकूचा चौक गावचा भाऊ चक्क माझ्या बाजूच्या छपरावर बसलेला. हातात दोरी, आढं मोजत होता. खालून काकू दबक्या आवाजात म्हणत होती, "आधी हीच बाजू उरक. आन् त्याला कळू देऊ नको."

मी मागल्या मागे आत गेलो. जो शाकारतो त्याची वहिवाट, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. माझी बाजू का? माझ्यापासून चोरून का? दोन दिवस मी दाराच्या फटीतून त्याच्या हाताकडे बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी ताप अंगात असतानाच चालत कर्जतला वकिलाकडे गेलो.

वकील पान लावत ऐकत होते. त्यांनी विचारलं, "वाटणीचा कागद आहे?"

"नाही."

"आजवर घर कोण शाकारायचं?"

"मीच. दोन्ही बाजू."

त्यांनी पान ठेवून दिलं. "मग वाटणी झालीच कुठे? कुटुंब एकत्र, घर तुमचं. बाईंना राहायला कोपरा आणि पोटाला अन्न, एवढाच हक्क. वाटणीची काही खूण? साक्षीदार?"

घाव घातला तेव्हा शिडी माझ्या हातात होती. मी म्हणालो, "नाही."

"छान. तिच्या भावाला आता छपराला हात लावू देऊ नका. आणि सांभाळा, नोटीस गेली की माणसं गोड बोलायला लागतात."

नोटीस काकूने शाळामास्तरांकडून वाचून घेतली आणि ती तशीच माझ्या पायरीशी आली. मागे तिचा भाऊ.

"नोटीस धाडलीस व्हय रं? कर्जतपत्तुर चालवलं तुला, माझ्या दारापत्तुर नाय?"

"माझ्या छपरावर याला कुणी चढवला?"

"मीच. तुझ्या अंगात ताप. कळलं असतं तर उठून वर चढला असतास, पडला असतास. म्हून म्हनलं, गुपचूप उरक, आधी तुझी बाजू."

"आणि आढं कशाला मोजलं?"

भाऊ हसला. "बांबू किती लांब तोडू, ते काय तुला इचारू? ताये, वर घाव हाय तो दावू का याला?"

"नको," काकू म्हणाली. "त्यानं पायलाय."

तिच्या तोंडावर राग नव्हता. तेच मला खटकलं. वकिलांनी सांगितलेलं गोड बोलणं ते हेच, असं मी मनाशी म्हटलं आणि भावाला सांगितलं, "उद्यापासून छपराला हात लावायचा नाही."

माझी बाजू तोवर नवी झाली होती. काकूच्या बाजूवर गेल्या सालचा पेंढा तसाच राहिला. ज्येष्ठात तिच्याकडे गळू लागलं. भिंतीपलीकडून भांडी सरकवल्याचा आवाज यायचा, आणि मी कोरड्या जागी पडून विचार करायचो की ती मुद्दाम वाजवते आहे, गावाला ऐकवायला. आषाढात भाऊ येऊन तिला घेऊन गेला. ती कोर्टात गेली नाही. नोटिशीला उत्तरही आलं नाही, त्याचाही मी बरेच दिवस संशय घेतला.

पुढच्या वैशाखात पेंढा काढला. घाव तिथेच होता, मध्यावर. पूर्वेकडे तिच्या भावाचे बांबू, एकेक गाठ घट्ट आवळलेली. एवढं काम दुसऱ्याचं घर लाटायला कुणी करत नाही. हे मला शिडीवर उभं असताना कळलं, आणि तरी मी चौकला गेलो नाही. काय तोंडाने जाणार, असं म्हणत दोन वर्षं काढली. मग ती गेल्याचा निरोप आला.

ते आढं मी बदललेलं नाही. घावापासून पश्चिमेकडचं घर काकूचं होतं. माझ्यामागे मुलांनी ती बाजू तिच्या भावाच्या मुलांना द्यावी. त्यांना पुरावा लागला तर पेंढा काढून वर बघावं. शिडी मी धरली होती.