मधलं पान
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला मिरजगावकडच्या आमच्या घराचा ओटा आठवतो. मी एम.ए.ला आफ्रिकन साहित्य घेतलं होतं आणि दुपारी कांदा निवडताना आईला त्यातल्या कथा सांगायचे. एक गावप्रमुखाची होती. मूल होत नाही म्हणून तो बायकोला चारचौघांत बोलतो. दोष त्याच्यातच असतो, आणि ते फक्त तिला ठाऊक असतं. मी अर्धीच सांगितली होती, पण आईने ती शेतावरच्या बायकांना सांगून टाकली, आफ्रिका तेवढी सांगायची राहिली. आमच्या सरपंचांनाही मूल नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते एकटेच ओट्यावर येऊन बसले. "आमच्या घरावर लिव्हती व्हय गं तू?" "न्हाई दादा, पुस्तकातली गोष्ट हाय." "मग वाच. मराठीत सांग." मी झेरॉक्सची पानं आणून इंग्रजीवरून सांगू लागले. आईच्या हातातला कांदा हातातच राहिला होता. दोष कुणाचा हे तिला वैद्याकडे कळतं, ती हकिकत आली तेव्हा मी दोन पानं एकदम उलटली. "मधलं वाचलं न्हाई," ते हळूच म्हणाले. मला वर बघवेना. त्यांनी ते पान ओढून काढलं, घडी करून खिशात घातलं. उठताना विचारलं, "शेवटी त्या बाईनं कुनाला सांगितलं का?" मी म्हणाले, "न्हाई." आता तीच कथा मी वर्गात शिकवते. शेवटच्या पानावर ती बाई भर सभेत उभी राहून सगळं सांगते, आणि तिथे आले की मी अजूनही आधी दाराकडे बघते.